होडीखालचा देवमासा

डेव्हिड ब्लॅकवुडचं ‘फायर डाउन ऑन द लॅब्रॅडॉर’ (१९८०) काही केल्या डोळ्यांसमोरून हलत नाही. हे छापचित्र आहे, म्हणजे धातूच्या पत्र्यावर रेषा ओढायच्या, त्या आम्लाने खोल करायच्या, शाई भरायची आणि कागदावर दाबून चित्र उतरवायचं.

रात्रीचा समुद्र, गडद निळा. हिमनग. दूर पेटलेलं जहाज. चित्रात ऊब आहे ती तेवढीच, आणि ती जीवघेणी. एका होडीत वाचलेली माणसं. आणि खाली, पाण्यात, प्रचंड देवमासा. इतक्या मायेने काढलाय की नजर तिथेच खिळते. मग ध्यानात येतं, होडीतल्या माणसांना तो दिसतच नाही. मी हादरते ती इथे. तो हल्ला करणार नाही. त्याला त्यांच्याशी काही देणंघेणंच नाही.

ब्लॅकवुड कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या वेस्लीव्हिलचा, दर्यावर्दी घराण्यातला. तिथली गलबतं उन्हाळ्यात कॉड मासा धरायला लॅब्रॅडॉरच्या किनाऱ्याला जायची; काही परत यायची नाहीत. १९९२ पर्यंत कॉडही इतका आटला, की सरकारला ती मासेमारी थांबवावी लागली.

२०२२ मध्ये ब्लॅकवुड गेला. टोरोंटोच्या आर्ट गॅलरी ऑफ ओंटारिओच्या संग्रहात हे चित्र आहे. लेक जरा मोठी झाली की तिला दाखवायचंय.