तुटक रेषेवरून चालताना

भाईंदरला पश्चिमेला उतरलं की उत्तनची बस मिळते. मुर्धा, राई, मोर्वा मागे पडतात, मिठागरं आणि खारफुटी लागते, मग डोंगरीचा चढ, आणि उतारावर एकदम समुद्र. बहुतेक माणसं वेलंकनी मातेच्या तीर्थमंदिरात जातात, किनाऱ्यावर तासभर बसतात आणि आल्या बसने परततात. हे झालं डांबरी रस्त्याचं उत्तन. मी ज्या उत्तनच्या प्रेमात आहे ते या रस्त्याच्या दोन्ही अंगांना आहे, आणि तिथे पायीच जावं लागतं.

उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला मनोरीच्या खाडीचं खारफुटीचं रान, पश्चिमेला अरबी समुद्र, असा हा चिंचोळा पट्टा. जुनी माणसं त्याला धारावी बेट म्हणतात. मनोरी, गोराई, उत्तन, पाली, चौक, डोंगरी, तारोडी ही त्यावरची गावं. मोटाररस्ता आला तो अलीकडे. त्याआधी एका गावाचं दुसऱ्याशी नातं पायांनीच टिकवलं होतं: बंदरावरून बाजाराला, घरातून शेताला, विहिरीला, देवळाला, चर्चला. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन भाईंदरपर्यंत चालत गेलेल्या बायकांच्या गोष्टी इथल्या घराघरांत आहेत. वाटा त्यांच्याच आहेत. ज्या वळणावर ओझं उतरवायला दगड असतो, तिथे वाट अजूनही थोडी रुंद आहे.

डोंगरीच्या टेकडीवर मी हिवाळ्यात चढते. गवत पिवळं पडलेलं असतं, करवंदीच्या जाळ्या धुळीने भरलेल्या, मधेच उंच ताड. पायाखालचा दगड नीट बघावा. सह्याद्रीत सवयीचा झालेला काळा पाषाण इथे नाही. हा फिकट, पिवळसर, राखाडी. तोही ज्वालामुखीचाच, पण ऱ्हायोलाइट आणि ट्रॅकाइट जातीचा. उन्हात तो काळ्या दगडापेक्षा सौम्य दिसतो, आणि सगळ्या टेकडीलाच त्यामुळे एक उजळपणा येतो. वर पोचलं की चारी दिशा मोकळ्या. एका बाजूला भाईंदरच्या इमारतींची भिंत, दुसरीकडे गोराईच्या पॅगोड्याचा सोनेरी कळस, उत्तरेला खाडीपलीकडे वसईचा किल्ला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसई घेतली, त्याआधी धारावी ताब्यात घेणं त्यांना भाग होतं. का, ते इथे उभं राहिलं की कळतं. खाडीच्या तोंडावरून ये-जा करणारं प्रत्येक गलबत इथून दिसतं. चौकला त्या धारावी किल्ल्याचे थोडे अवशेष उरले आहेत. इतिहासाची पुस्तकं तोफांबद्दल, तहांबद्दल सांगतात; तो दारूगोळा कुठल्या वाटेने वर चढवला असेल, हा प्रश्न मला चालतानाच पडला.

पण माझं मन जास्त रमतं ते खाली, पालीच्या बाजूला. तिथे वाट बोंबलांच्या वलांडीखालून जाते. बांबूचे उंच सांगाडे, त्यांवर ताणलेल्या दोऱ्या, आणि त्यांवर हजारो बोंबील. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. गाठ नाही, खिळा नाही. त्या माशाचे बारीक आत वळलेले दातच त्याला धरून ठेवतात. बायकांचे हात हे इतक्या वेगाने करतात की अडकवण्याची ती क्रिया डोळ्यांना दिसतच नाही, नुसती लटकलेली जोडी दिसते. सकाळी टाकलेला बोंबील ओला, गुलाबीसर, जवळजवळ पारदर्शक असतो. ऊन चढेल तसा तो आकसतो, कडा वळतात, आणि दोन-तीन दिवसांत काडीसारखा कडक होतो. "वाकून जा गो बाय," कुणीतरी हात न थांबवता सांगतं. मी वाकते. डोक्यावरून शेपट्या हलत असतात, केसांना वास लागतो, आणि तो वास दिवसभर सोबत राहतो. मला तो आवडतो.

ही वाट वर्षभर एका जागी नसते. डोलीच्या जाळ्याची मासेमारी भरती-ओहोटीच्या ओढीवर चालते, त्यामुळे बंदरावरची वर्दळ घड्याळाप्रमाणे नाही, पाण्याप्रमाणे होते. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद. होड्या वर ओढून शाकारतात, वलांडी उतरतात, आणि जिथून आपण वाकून गेलो तिथे मोकळं, चिखलाचं मैदान असतं. नारळी पौर्णिमा झाली, ऊन परत आलं, की वाट पुन्हा बांबूंमधून वळसे घेऊ लागते. गावाला ती कुणी आखून द्यावी लागत नाही.

आणि क्रूस. दोन वाटा मिळतात तिथे बहुधा एक क्रूस असतो. मुंबई-साष्टीत १८९६ च्या प्लेगनंतर असे क्रूस गल्लोगल्ली उभे राहिले. काही त्याहून जुने. एका क्रुसापाशी मी नेहमी थांबते. चुन्याचे इतके हात त्यावर चढलेत की कडा गोल झाल्यात, कोरलेली अक्षरं बुजून बोटालाच कळतात. पायथ्याशी मेणाचे थर, झेंडूची सुकलेली माळ. मे महिन्यात अशा क्रुसांपुढे शेजारपाजार जमतो, मराठीतून रोझरी होते, मग उकडलेले चणे वाटतात. वाटसरूलाही मूठभर मिळतात. तू कोण, कुठली, असं कुणी विचारत नाही. वाटेवर आहेस एवढं पुरतं.

मला इथे इंग्लंडच्या खेड्यांची आठवण होते. तिथे शेताच्या कडेला लाकडी खांबावर 'सार्वजनिक पायवाट' अशी पाटी असते, आणि जमीन कुणाचीही असो, त्या वाटेने जाण्याचा प्रत्येकाला हक्क असतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून अशा वाटांचं जाळं सुमारे सव्वादोन लाख किलोमीटरचं आहे. ते आपोआप मिळालेलं नाही. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर आणि आसपासच्या शेकडो कामगारांनी किंडर स्काउटच्या बंद डोंगरावर जाहीरपणे पाऊल टाकलं. त्यांतल्या पाचजणांना तुरुंगात जावं लागलं. १९४९ च्या कायद्याने प्रत्येक काउंटीला वाटांचे अधिकृत नकाशे करणं भाग पाडलं. एवढं होऊनही नोंदीतून सुटलेल्या वाटा आजही स्वयंसेवक जुने नकाशे घेऊन शोधत असतात.

आपल्याकडे हे नाही, असं मात्र नाही. गावनकाशा उघडून पाहावा. गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने दाखवलेला असतो, पायमार्ग तुटक एकेरी रेषेने, आणि त्या एकेरी रेषेची रुंदी सव्वाआठ फूट धरलेली आहे. शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कुणी अडवली तर तहसीलदाराने ती मोकळी करून द्यावी, यासाठी १९०६ पासून मामलेदार न्यायालय अधिनियम आहे. महाराष्ट्रातल्या खेड्यांत पाणंद आणि शिवरस्ते याच आधारावर खुले होतात, ग्रामसभेत ठराव होतात. उत्तनची अडचण इथेच आहे. हे गाव महानगरपालिकेत आहे. ग्रामसभा राहिली नाही, आणि शहराच्या आराखड्यात रस्ता म्हणजे ज्यावरून गाडी जाते तो. सव्वाआठ फुटांच्या रेषेची बाजू कोण मांडणार?

आणि ती मांडायची वेळ आत्ताच आहे. मेट्रोची कारशेड आधी राई-मुर्धा-मोर्व्याला होणार होती; तिथल्या शेतकऱ्यांनी विरोध केला आणि ती डोंगरीच्या टेकडीवर न्यायचं ठरलं. तिच्यासाठी बारा हजारांहून अधिक झाडं जाण्याचा प्रस्ताव पुढे आला आणि लोक पुन्हा उभे राहिले. उत्तनहून विरारपर्यंत सागरी सेतू करायचं ठरतं आहे. धावगीच्या डोंगरावर शहराचा कचरा येऊन पडतो, आणि वारा फिरला की त्याचा धूर गावात उतरतो. भाईंदरच्या लोकलमध्ये रोज चेंगरणाऱ्यांना मेट्रो हवी आहे, मलाही हवी आहे. पण झाडं मोजली जातात, जमीन मोजली जाते, घरं मोजली जातात; वाटा कुणी मोजत नाही. भरपाईच्या कुठल्याच रकान्यात 'डोंगर ओलांडून जाण्याचा जुना रस्ता' असं लिहिलेलं नसतं.

म्हणून मला वाटतं, इथल्या शाळांतल्या वरच्या वर्गांनी हे काम हाती घ्यावं. भूमी अभिलेख कार्यालयातून डोंगरी, उत्तन, तारोडी, चौक, पाली यांचे नकाशे घ्यावेत, सोबत गावातली एखादी आजी किंवा दर्यावर गेलेला एखादा काका घ्यावा आणि प्रत्येक तुटक रेषेवरून चालावं. कुठे वाट चालू आहे, कुठे भिंत आली, कुठे नकाशात नाही पण पायांना ठाऊक आहे, हे लिहून महापालिकेत दाखल करावं आणि पोच घ्यावी. सुरुवात तारोडीकडून करावी, धारावी देवीच्या देवळापासून, कारण तिथल्या वाटेवर नवरात्रात अजून पायी जाणारी माणसं भेटतात, आणि वाट कुठून कुठे जाते हे ती बोट दाखवून सांगू शकतात.