तारपा आणि डाव्या दाराचा स्पीकर

आमच्या सेडानचे कंपनीचे स्पीकर बदलले ते तारप्यामुळे. जव्हारच्या एका पाड्यावर मोबाइलवर टिपलेलं वादन मोखाड्याच्या वाटेवर लावलं, तर डाव्या दारातून नुसती खरखर. बाबा म्हणाले, "तारपा असाच वाजतो." त्यांचंही खोटं नव्हतं. वाळलेला भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, आत थरथरणाऱ्या जिभल्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. घरघर त्याच्या अंगातच आहे. वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडांसारखे वादक तर दम न तोडता फुंकत राहतात. मग मी आवाज पूर्ण उजवीकडे वळवला. खरखर गेली, तारपा राहिला.

नाशिकला डोअरपॅड उघडला. कागदी कोन कडेने फाटलेला, मागचं चुंबक जेमतेम पेढ्याएवढं. दुकानदार खोक्यावरचे ३०० वॅट दाखवत होता. पण गाडीतला स्टिरिओ एका स्पीकरला खरे १५-२० वॅट देतो; तेवढ्यात मोठ्याने वाजणारा, म्हणजे जास्त सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर हवा. साडेसहा इंची, चार ओहमचे, प्लास्टिक कोनचे घेतले, ट्विटर वेगळे. वायर न कापता कपलर लावला.

पावसाबाबत मात्र मी हटून बसलो. आमच्याकडच्या पावसात काचेच्या रबरावरून दारात पाणी उतरणारच, आणि ते खालच्या भोकांतून बाहेर पडावं अशीच दाराची रचना असते. डॅम्पिंग शीट चिकटवण्याच्या उत्साहात ती भोकं बुजली की दार आतून सडतं. स्पीकरखाली एमडीएफची रिंगही नको. पाणी पिऊन फुगते. आतला प्लास्टिकचा पडदा पुन्हा नीट चिकटवून घेतला, नाहीतर पाणी थेट पायाशी.

फिटिंग करणाऱ्या पोराने दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून दोन्ही कोन एकाच दिशेला उडतात का ते पाहिलं. एक उलटा जोडला गेला तर खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो. मग त्याने धडधडणारं गाणं लावलं, झकास. मी तारपा लावला. पोराचा चेहरा उतरला. "साहेब, नवा पीस फाटका निघाला!" तो पुन्हा क्लिपा उचकटायला निघालेला पाहून बाबा मनसोक्त हसले.

मागचे स्पीकर जुनेच ठेवलेत. मागे बाबा बसतात, आणि त्यांना बातम्यांपुरता आवाज पुरतो. आता घाटात वळणावर डॅशबोर्ड कुठेतरी खडखडतो, हे मात्र नव्याने कळलंय. जुन्या खरखरीखाली ते झाकलेलं होतं.