रविवारचे भजन आणि सोमवारचे पुस्तक

सातारा किंवा सांगली येथील महाविद्यालयात मराठी घेऊन पदव्युत्तर अभ्यास करणारी, ख्रिस्ती कुटुंबातील एखादी विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणावी. रविवारी सकाळी ती मंडळीबरोबर उभी राहते, 'उपासना संगीत' उघडते आणि नारायण वामन टिळकांचे भजन गाते. पुस्तक उघडण्याची तशी गरज नसते. शब्द तिला आजीपासून पाठ आहेत. सोमवारी वर्गात तिच्यापुढे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' येतात. आदल्या दिवशी ज्याच्या शब्दांत तिने प्रार्थना केली, तोच मनुष्य आता एका स्त्रीचा पती म्हणून तिला भेटतो: शीघ्रकोपी, लहरी, न सांगता घरातून निघून जाणारा, उद्याच्या शिध्याची चिंता न करता हाती असेल ते देऊन टाकणारा आणि पत्नीच्या संमतीची वाट न पाहता धर्मांतर करणारा. पुढच्या रविवारी तिने ते भजन गावे काय?

हा प्रश्न भाबडा वाटण्याचा संभव आहे. पण तो आज जगभरच्या ख्रिस्ती मंडळ्यांपुढे अधिक उग्र रूपात उभा आहे. अमेरिकेतील कॅथलिक गीतकार डेव्हिड हास यांच्यावर २०२० मध्ये अनेक स्त्रियांनी लैंगिक गैरवर्तनाचे आरोप केले, तेव्हा कित्येक धर्मप्रांतांनी त्यांची गीते उपासनेत गाण्यास मनाई केली. टिळकांना या पंक्तीत बसवणे अन्यायाचे होईल. त्यांचे दोष हे गृहस्थाचे दोष आहेत, आणि ते आपल्याला कळतात तेही त्यांच्यावर प्रेम करणाऱ्या व्यक्तीच्या लेखणीतून. तरीही दोन्ही ठिकाणी मूळ प्रश्न एकच आहे. रचनाकाराच्या वर्तनाचा त्याच्या उपासनागीताशी संबंध काय, आणि तो कोणी ठरवायचा?

मराठी समीक्षेपाशी या प्रश्नाचे एक तयार उत्तर आहे. ना. सी. फडके यांचा कलावाद आणि सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांचा जीवनवाद या वादात कला आणि नीती यांच्या नात्याचा पुष्कळ खल झाला. पुढे मर्ढेकरांनी सौंदर्याची स्वायत्तता मांडली. १९४६ मध्ये विमसॅट आणि बिअर्ड्‌स्ली यांनी लेखकाचा हेतू हा अर्थनिर्णयाचा निकष मानण्यास हरकत घेतली. १९६७ मध्ये रोलाँ बार्त यांनी लेखकाच्या मृत्यूचीच घोषणा केली. या मार्गाने गेल्यास विद्यार्थिनीची अडचण लगेच दूर होते. संहिता तेवढी खरी. टिळक कसे होते, हा चरित्रकाराचा विषय.

परंतु हे उत्तर उपासनागीताला लागू पडत नाही. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) सौंदर्यविचाराचे लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी असे दोन ध्रुव दाखवले. त्या परिभाषेत बोलायचे तर उपासनागीत अलौकिकतावादी ध्रुवावर स्थिर राहूच शकत नाही. ते आस्वादासाठी समोर ठेवलेले नसते, वापरण्यासाठी हाती दिलेले असते. कवितेतला 'मी' वाचक दुरून पाहू शकतो. भजनातला 'मी' मात्र गाणाऱ्याला स्वतःच्या मुखाने उच्चारावा लागतो. पश्चात्ताप, शरणागती, कृतज्ञता या भावांचे तेथे केवळ चित्रण होत नाही. त्या क्रिया गाणारा स्वतः करीत असतो. लेखक मेला असे जाहीर केले, तरी त्याने रचलेल्या शब्दांनी प्रार्थना करणारी ही विद्यार्थिनी जिवंत आहे, आणि खरा प्रश्न तिचा आहे.

धर्मशास्त्रापाशी याहून जुने उत्तर आहे. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत छळाच्या काळी कच खाल्लेल्या धर्मगुरूंनी केलेले संस्कार ग्राह्य मानावेत काय, असा वाद पेटला. दोनातपंथीयांनी ते अग्राह्य ठरवले. ऑगस्टीनने उलट बाजू घेतली: संस्काराचा खरा कर्ता ख्रिस्त, देणाऱ्याच्या मलिनतेने दान मलिन होत नाही. हा विचार उदार आहे आणि व्यवहार्यही. कारण कर्त्याच्या शुद्धतेची अट घातली तर कोणत्याही मंडळीच्या हाती एकही गीत उरणार नाही. दाविदाच्या नावाने चालत आलेली स्तोत्रे तर पहिल्याने वगळावी लागतील. परंतु संस्कार आणि गीत यांत एक भेद आहे. बाप्तिस्मा देणाऱ्याचे नाव बाप्तिस्म्याच्या शब्दांत येत नाही. अभंगात रचनाकाराची मुद्रा येते.

या मुद्रेचा विचार येथे महत्त्वाचा ठरतो. टिळकांनी मराठी ख्रिस्ती उपासनेला परकी चाल आणि भाषांतरित शब्द यांतून सोडवून ओवी-अभंगांच्या घरात आणले, आणि तसे करताना मुद्रेची प्रथाही उचलली. त्यांच्या अभंगांत ती 'दास' अशी येते. तुकोबांची मुद्रा नाव सांगते. टिळकांची नाते सांगते. दास कोणीही होऊ शकतो. शेवटच्या चरणाशी येईपर्यंत ती जागा गाणाऱ्याची झालेली असते. भजन रचनाकाराच्या हातून सुटते ते येथे. लेखकाला नाकारून नव्हे, तर त्याने स्वतःच मोकळी ठेवलेली जागा भरून मंडळी त्या भजनाचा ताबा घेते.

मात्र भजन सुटले म्हणून लक्ष्मीबाईंचा प्रश्न सुटत नाही. संतचरित्रांत घरच्या स्त्रीच्या गाऱ्हाण्याची सोय एका ठराविक पद्धतीने लावलेली दिसते. तुकोबांची पत्नी जिजाई हिचा त्रागा महीपतीच्या चरित्रांतून आणि पुढे कीर्तनांतून आपल्यापर्यंत येतो. पण तो येतो संताच्या वैराग्याला उठाव देण्यासाठी. घरात दाणा नाही हे तिचे म्हणणे खरे असते, तरी श्रोते हसतात. तिने स्वतः लिहिलेले एक अक्षरही आपल्यापाशी नाही. टिळकांच्या बाबतीत ही व्यवस्था मोडली. १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध होऊ लागली आणि भक्तकवीच्या घरातला दाण्याचा हिशेब प्रथमच घरधनिणीने स्वतः मांडला. येथेही वाचक हसतो. पण आता हसवणारी ती आहे, आणि कोणत्या जागी हसू थांबवायचे हेही तीच ठरवते.

तो काळच तसा होता, असे म्हणून हा हिशेब बाजूला सारता येत नाही. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढील काही वर्षे लक्ष्मीबाईंनी लहान मुलाला घेऊन नातलगांच्या आधाराने काढली. त्यापूर्वीच, १८८२ मध्ये, ताराबाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुष तुलना' प्रसिद्ध झाली होती. कऱ्हाडजवळच्या टेंभूचे आगरकर १८८८ पासून 'सुधारका'तून स्त्रीच्या संमतीचा प्रश्न मांडीत होते. सांगलीशेजारच्या हरिपूरचे देवल यांनी १८९९ मध्ये 'शारदा' रंगभूमीवर आणून मुलीच्या मनाविरुद्ध ठरवलेल्या लग्नाचा जाब समाजाला विचारला. संमती हा शब्द त्या काळाला ठाऊक होता. टिळक स्वतः सुधारणावादी होते. म्हणून त्यांना हे माप लावणे हा कालविपर्यास ठरत नाही.

मग लक्ष्मीबाईंनी काय केले? त्या परत आल्या. १९०० मध्ये, स्वतःच्या विचाराने आणि स्वतःच्या गतीने, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' त्यांच्या निधनाने मोजक्या अध्यायांवर थांबले होते. बहुतांश अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले, आणि त्यांच्याही पश्चात १९३८ मध्ये तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्या हाताने पतीच्या वागण्याची नोंद केली, त्याच हाताने त्याचे अपुरे काव्य पुढे नेले. एका कृतीने दुसरी रद्द झाली नाही. गीत टाकणे किंवा दोष झाकणे याखेरीज तिसरा मार्ग असू शकतो, याचा मराठीतला सर्वांत ठोस पुरावा हाच आहे.

या पुराव्याचा दुरुपयोगही संभवतो, आणि तो टाळायला हवा. पत्नीने क्षमा केली, तेव्हा इतरांनी कुरबूर का करावी, हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. पण लक्ष्मीबाईंची क्षमा ही लक्ष्मीबाईंची आहे. ती दुसऱ्या स्त्रीच्या वतीने, दुसऱ्या रचनाकाराला, दुसऱ्या मंडळीने देऊ करायची वस्तू नव्हे. शिवाय ती मूक नव्हती. आधी सर्व सांगून मग त्या गात राहिल्या. जेथे दुखावलेल्या व्यक्तीला बोलण्याची वाटच मिळालेली नाही, जेथे रचनाकार हयात आहे आणि प्रत्येक गायनाने त्याची प्रतिष्ठा, मिळकत आणि इतरांवरील अधिकार वाढतो, तेथे मुद्रेची जागा मोकळी झालेलीच नसते. तेथे मंडळीने ते गीत बाजूला ठेवणे हा कलेवरचा अन्याय नव्हे. बाकावर मागे बसलेल्या, ते गीत ऐकून मान खाली घालणाऱ्या व्यक्तीविषयीचे ते किमान सौजन्य आहे. तेव्हा 'रचनाकार निर्दोष होता काय' हा निकष चुकीचा आहे. त्याच्यामुळे ज्याला सोसावे लागले त्याचे म्हणणे ऐकले गेले आहे काय, आणि ते ठाऊक असूनही मंडळीला हे शब्द स्वतःचे म्हणून उच्चारता येतात काय, असे विचारायला हवे.

या संदर्भात सातारा आठवणे अपरिहार्य आहे. १९१७ मध्ये मिशनची वेतनाची सेवा सोडून, संन्यासी म्हणून, टिळक साताऱ्यास आले आणि बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र यावेत म्हणून त्यांनी 'देवाचा दरबार' उभा केला. ज्याच्या गृहत्यागाची किंमत पूर्वी पत्नीने मोजली होती, त्याने संन्यास हा शब्द पुन्हा उच्चारला, यातला ताण वाचकाला जाणवल्यावाचून राहत नाही. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. त्या दरबाराची कल्पना अशी होती की, आत येण्यापूर्वी कोणाला दाखला मागू नये. तो नियम टिळकांच्या भजनांनाही लावता येईल: दाखला मागू नये, पण नाव-गाव विचारावे.

आता त्या विद्यार्थिनीकडे परत यावे. पुढच्या रविवारी ती बहुधा गाईल. आजीने ते भजन गायले तेव्हा आजीला कदाचित टिळकच ठाऊक होते. नातीला लक्ष्मीबाईही ठाऊक आहेत. 'दास' या शब्दाशी ती क्षणभर अडखळेल आणि दासी कोण होती, हे तिला आठवेल. मंडळीतील वडीलधाऱ्यांनी या अडखळण्याला अश्रद्धा समजू नये, आणि वर्गातील प्राध्यापकांनी तिच्या गाण्याला भाबडेपणा समजू नये. 'स्मृतिचित्रे' वर्गापुरती आणि भजन मंदिरापुरते, ही वाटणी तिला मान्य नाही. लक्ष्मीबाईंनाही ती मान्य नव्हती.