वरणगांवचें बिऱ्हाड

भुसावळहून नागपूरच्या लोहमार्गानें निघालें, कीं थोड्याच वेळांत वरणगांव स्टेशन लागतें. तापीच्या खोऱ्यांतील हें काळ्या जमिनीचें गांव. जुन्या खानदेशी धाब्याच्या घरांत गुरांना गोठा, मांजराला चुलीजवळची ऊब आणि कुत्र्याला ओसरीचा कोपरा ठरलेलाच असे. आपल्या वैश्वदेवांतही श्वानबलि काढून मगच गृहस्थानें पानावर बसावयाचें. १९६४ सालीं येथें दारूगोळ्याचा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि बदलीचीं बिऱ्हाडें गांवांत येऊं लागलीं. नव्या खोल्या पक्क्या झाल्या. ओसरी मात्र गेली.

गेल्या चैत्रांत आमचा पुतण्या पुण्याहून येथें बदलून आला. बरोबर बायकोमुलें आणि मोती नांवाचा सात वर्षांचा कुत्रा. पांच घरें पाहिलीं. भाडें, अनामत, पाणी, सर्व जुळे. मोतीचें नांव निघतांच घरमालक सुपारी कातरूं लागे. "कुत्र्याला पुण्यासच सोडा," असा सल्ला आप्तांनींच दिला, तेव्हां पुतण्याच्या धाकट्या मुलीनें दोन वेळां पानाला हात लावला नाहीं. मला तिचाच पक्ष खरा वाटला. पाळलेलें जनावर उपासमारीच्या तोंडीं टाकून जाणें हा १९६० च्या प्राणिक्लेश-प्रतिबंधक कायद्यानें गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड १० ते ५० रुपये! तेवढ्यांत चपलेचा अंगठाही शिवून होत नाहीं, ही गोष्ट निराळी.

सहाव्या घरचे वृद्ध मालक स्पष्टवक्ते निघाले. "गुरुजी, कुत्र्याचं मले काही नाही, पन रातच्याले मले झोप पाह्यजे," असें ते म्हणाले. नकाराच्या पोटांतली अडचण अशी उघड झाली म्हणजे तिला उपाय निघतो. मोतीनें रात्रीं घरांत निजावें, अंगण रोज झाडावें, दाराला ओरखडे पडल्यास खर्च अनामतींतून कापावा आणि पिसाळरोगाची लस दरवर्षीं टोंचून तिचा दाखला मालकांस द्यावा, इतकें ठरलें. तें सर्व मीं करारांतच लिहविलें. नुसत्या तोंडी होकारावर बिऱ्हाड करूं नये. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानें भाडेकरार लेखी व नोंदलेला असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे.

भुसावळ-जळगांवकडे गृहनिर्माण संस्थेंत जागा पाहणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणें संस्थेला बहुमतानें ठराव करूनही कुत्रें पाळण्यास बंदी घालतां येत नाहीं. स्वतःच्या राहत्या घरांतील खोली देणारा मालक मात्र असले कागद दाखवून वळत नाहीं.

बाहेरून येणाऱ्यांस आणखी एक सांगावेंसें वाटतें. खानदेशांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाहीं. धापा टाकूनच तें निवतें. म्हणून स्लॅबखालची वरची खोली स्वस्त मिळाली तरी घेऊं नये. आणि घर पाहावयास सकाळच्या गार वाऱ्यांत न जातां दुपारीं तीन वाजतां जावें व भिंतीला हात लावून पाहावा.