नानींचे हात

माझी भाची पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकते. १९६० साली जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झालेली ही संस्था. "मुलीच्या जातीला सिनेमाचं शिक्षण कशाला?" असं आमच्या खानदानात बोललं गेलंच. भाचीने वाद घातला नाही. महोत्सवात पाहिलेल्या चित्रपटांबद्दल ती सांगत राहिली. ईदच्या सुट्टीत तिने मजीद मजिदींचा १९९७ चा इराणी चित्रपट 'चिल्ड्रन ऑफ हेवन' घरी दाखवला. त्यातले गरीब भाऊ-बहीण एकच बुटांचा जोड आळीपाळीने घालून शाळेत जातात. मला माझ्या वर्गातली मुलं आठवली. अम्मी शेवटपर्यंत उठल्या नाहीत.

पुढे वर्गाच्या प्रोजेक्टसाठी ती एकलहऱ्याला आली. पाच मिनिटांची फिल्म, विषय नानी. अम्मींनी बजावलं, "बेटी, माझा चेहरा घ्यायचा नाही."

"नाही घेणार, नानी."

दोन दिवस तिने फक्त हात टिपले. वुजूचं पाणी, भाकरीचं पीठ, तसबीहचे मणी. खिडकीबाहेर वीज केंद्राची धुराडी. फिल्म पाहून अम्मी हसल्या, "अरे, ही तर मीच!"

कॅमेरा संस्थेने शिकवला. नानीचा शब्द राखणं ती घरातून शिकून गेली होती. भगिनींनो, मुलींना एवढी तरबियत देऊन शिकायला पाठवावं आणि त्यांच्यावर भरवसा ठेवावा.