घाटाने दिलेला कौल

जुन्या मोटारसायकलच्या आवाजांची मालकाला इतकी सवय झालेली असते, की घरच्या घड्याळासारखे ते त्याला ऐकूच येत नाहीत. पण त्यांत एखादा परका आवाज शिरला की झोप उडते. आमच्या बुलेटमध्ये असा एक पाहुणा यंदा पावसाळा सरता सरता येऊन बसला. वडिलांनी १९७८ साली घेतलेली, तिरुवोट्टियूरला बनलेली ही साडेतीनशेची गाडी. ओतीव लोखंडाचे सिलिंडर, सत्तर मिलिमीटरचा व्यास आणि नव्वदचा स्ट्रोक. त्यामुळे ठोका संथ आणि भरदार. त्या ठोक्याला चिकटून कोणी टिचकी मारावी तसे 'टिक्-टिक्' सुरू झाले.

पुण्यातल्या एका गॅरेजने टॅपेट जुळवून दिले. टिचकी कायम. दुसऱ्याने निकाल दिला, "क्रँकचे बेअरिंग गेले. इंजिन उघडावे लागेल." खर्चाचा आकडा असा होता, की धाकट्या भावाने लगोलग एक गिऱ्हाईक शोधले. आईला गाडी विकायची नव्हती, पण ती तसे बोलून दाखवणाऱ्यांतली नव्हे. मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली. वडील ज्यांच्याखेरीज कोणाला गाडीला हात लावू देत नसत, ते मिस्त्री वाईला असतात. आवाज वाढला तर गाडी टेंपोत घालायची, असे ठरवून सौ.ला मागे बसवले आणि निघालो.

पुणे ते वाई हा रस्ता इंजिनाच्या परीक्षेसाठीच आखला आहे की काय, असे मला त्या दिवशी वाटले. कात्रजचा बोगदा ओलांडल्यावरच्या सपाटीला मी वेगात असतानाच क्लच दाबला. चाके धावत राहिली, इंजिन मंदावले आणि त्याबरोबर टिचकीही मंदावली. म्हणजे मागची चेन आणि चाके निर्दोष! नीरेच्या पुलापलीकडे शिरवळला चहा घेतला तोवर इंजिन चांगले तापले होते. सैल पिस्टन थंड असताना जास्त खडखडतो, तापला की निवळतो. इथे तसा काही फरक नव्हता. पिस्टनही सुटला.

मग खंबाटकीचा घाट आला. चढ लागताच टिचकीची टाळी झाली. माझ्या पोटात गोळा आला, कारण बेअरिंग गेले असले तर तेही ओझ्याखालीच ओरडते. माथा आला, मी थ्रॉटल मिटला, गाडी उताराला लागली आणि टिचकी गप्प! टॅपेट असे वागत नाही. त्याला चढ काय नि उतार काय, सारखेच. राहता राहिला क्रँक.

तेवढ्यात मागून आवाज आला, "अहो, हे काही आपटल्यासारखे वाजत नाही. कुकरचे रबर जुने झाले की कडेने वाफ फुसफुसते ना, तसे वाटते."

मी काही बोललो नाही. पण सुरूर फाट्यावरून वाईकडे वळेपर्यंत तो कुकर डोक्यात शिजत होता.

मिस्त्रींचे दुकान चारपर्यंत बंद होते. ढोल्या गणपतीचे दर्शन घेऊन आम्ही जवळच मेणवलीला गेलो. नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे आणि तिथल्या देवळात एक मोठी घंटा टांगलेली आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्यानंतर तिकडच्या चर्चमधून आलेली ही घंटा. ओतीव धातूला तडा गेला तर तो डोळ्यांना दिसण्याआधी नादातच कळतो. मनात आले, आपली बुलेटही केव्हाची काही सांगते आहे.

मिस्त्रींनी गाडी सुरू केली. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक क्रँककेसला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटले. मग जाड ओल्या फडक्याने सायलेन्सरचे तोंड क्षणभर दाबले. तोच सिलिंडरच्या डोक्याशी, जिथे धुराची नळी आत बसते तिथे, 'फस्स्' झाले. सांध्याभोवती काजळीचे कडे होते.

"सायेब, क्रँक ठणठणीत हाय," ते म्हणाले. "नळी ढिली झालीया. वैनी बराबर बोलल्या."

गौडबंगाल साधे होते. चढावर जळका वायू जोराने बाहेर पडतो, म्हणून सैल सांध्यातून त्याची टाळी वाजते. उतारावर थ्रॉटल मिटला की वायूच थोडा. शिवाय तो इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदा निसटतो आणि टॅपेटही दोन फेऱ्यांत एकदाच वाजते. कान फसतो तो इथे. मिस्त्रींनी पातळ पत्र्याची पट्टी गुंडाळून, सांध्याला लेप लावून नळी ठोकून बसवली आणि तिचा आधाराचा बोल्ट आवळला. दोनशे रुपये घेतले, आणि वर वडिलांची आठवण काढून चहा पाजला.

संध्याकाळी पसरणीचा घाट चढलो. खाली धोमचे पाणी चमकत होते आणि ठोका अगदी एकटा होता. पाचगणीला पोचताच भावाला फोन करून गिऱ्हाइकाला नमस्कार सांगायला लावला.

कोणाच्या जुन्या गाडीत असा पाहुणा शिरला तर इंजिन उघडण्याआधी तिला एक सपाटी, एक चढ आणि एक उतार दाखवून आणावा. आणि मागे स्वयंपाकघरातला तयार कान बसवायला विसरू नये.