मंडईमागचा सुगंध

आश्विन सरत आला की पुण्याच्या मंडईभोवतीच्या गल्ल्यांना निराळाच गंध येतो. 1886 साली खुली झालेली ती मनोऱ्याची दगडी वास्तू मागे टाकून काष्ठौषधींच्या दुकानांकडे वळावे, तो भाजीपाल्याचा ओला वास मावळून वाळ्याचा थंड दरवळ सामोरा येतो. पोत्यांतून नागरमोथ्याचे काळपट कंद, कचोऱ्याच्या चकत्या, आंबेहळद, संत्र्याच्या वाळल्या साली, शिकेकाईच्या शेंगा आणि सुरकुतलेले रिठे मांडलेले असतात. वर दोरीला घोसाळ्याच्या जाळ्या टांगलेल्या.

यंदा मी तेथे गेले ती मनात एक सल घेऊन. गेल्या नरकचतुर्दशीला भरड उटणे आईच्या दंडावर जोराने चोळले आणि त्र्याऐंशी वर्षांची ती नाजूक त्वचा सोलवटली. जखम भरण्यास तीन आठवडे लागले. दोष वनस्पतींचा नव्हता, माझ्या हाताचा होता.

वयपरत्वे त्वचा पातळ होते, तिच्यातील स्निग्धता घटते आणि मृत पेशी झडण्याची गती मंदावते. त्यामुळे अंगावर कोंडा दिसतो आणि आपण तो घासून काढू पाहतो. वस्तुतः तो आधी तेलाने मऊ करावयाचा असतो.

दुकानातील वृद्ध गृहस्थांना आईचे वय सांगताच त्यांनी घोसाळ्याची जाळी बाजूला सारली. “ताई, ही तुमच्या पायांच्या टाचांना. आईंसाठी मसुराचे पीठ घ्या, बाकी सारे थोडे थोडे, आणि वस्त्रगाळ करा,” ते म्हणाले. बावची मी घेतली नाही. तिच्यामुळे त्वचा उन्हाला हळवी होते.

घरी ते चूर्ण दुधात कालवून प्रथम आईच्या हाताच्या आतल्या बाजूस थोडे लावले व एक दिवस वाट पाहिली. खाज वा लाली उठली नाही. जखम, पुरळ किंवा मधुमेहींच्या पायांना असले काही लावण्यापूर्वी मात्र डॉक्टरांना विचारावे. केसांसाठी शिकेकाईचे पाणीही गाळूनच घ्यावे. ते डोळ्यांत गेल्यास झोंबते.

दिवाळीच्या पहाटे आईला न्हाणीघरात खुर्चीवर बसविले. तेलाने फरशी निसरडी होते, म्हणून पायांखाली रबरी चटई घातली. उटणे चोळले नाही. ओल्या तळहाताने नुसते फिरविले.

“आता तुझा हात माझ्या आईसारखा लागतो,” ती डोळे मिटून म्हणाली.